कजाग मादीच्या पिंजऱ्यात हात घालण्याआधी

ससा गुरगुरतो यावर माझा आधी विश्वासच बसला नव्हता. पिंजऱ्याखाली मांजर शिरलंय असं वाटलं म्हणून वाकून बघितलं, तर काहीच नव्हतं. मग पाण्याची वाटी काढायला दार उघडून हात आत घातला आणि चार किलोची पांढरीशुभ्र मादी ‘घुर्र’ करून सरळ अंगावर आली. आधी दोन्ही पंजे मनगटावर, पाठोपाठ दात. वाटी उलटली, पाणी सगळं तिच्या अंगावर, आणि मी हात झटकत शेडच्या दारात. सासूबाई तिथं शेंगा फोडत बसल्या होत्या. म्हणाल्या, “सशानं चावलं? गावात सांगू नको कुणाला.”

ती मादी विकणाऱ्याने ‘एकदम शांत’ म्हणून दिली होती. खोटं बोलला असं मी आता म्हणणार नाही. चार महिन्यांची असताना ती शांतच असणार. आमच्याकडे आली तेव्हा साडेपाच महिन्यांची होती, म्हणजे नुकती वयात आलेली. नवा पिंजरा, नवी माणसं आणि शेजारी नर. तिचं डोकं फिरायला एवढं पुरेसं होतं. तिचं नाव आम्ही त्याच दिवशी मिरची ठेवलं.

ज्यांनी पाच-दहा माद्या घेऊन नुकती सुरुवात केली आहे आणि ज्यांच्या हातावर पहिला ओरखडा उमटला आहे, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. घरात एकच ससा हौसेनं पाळणाऱ्यांना डॉक्टर नसबंदीचा सल्ला देतात आणि तो बरोबर असतो. पण पैदाशीच्या मादीला तो मार्ग नाही. तिच्या रागासकट तिला सांभाळायचं असतं.

तिच्या बाजूने बघा

आपल्या शेडमधले न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, ग्रे जायंट हे सगळे मूळचे स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या रानसशाचे वंशज. (आपल्या माळावर दिसतो तो ससा वेगळा. तो बीळ करत नाही, जमिनीतल्या उथळ खोलगट जागेत बसतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे, त्याला धरून आणून ‘क्रॉस’ करायचा उद्योग कुणी सुचवला तर त्याच्या नादी लागू नका. दोघांचं मीलन होऊन पिल्लं होतही नाहीत.) त्या मूळच्या सशांत बिळातल्या चांगल्या जागेवरून माद्यांची आपापसात भांडणं होतात. जोरकस मादी पिल्लांसाठी मोक्याची जागा धरून ठेवते, कमजोर मादीला लांब कुठंतरी उथळ भोक करून तिथं विणं भाग पडतं. तिथं पिल्लं वाचायची शक्यता कमी. म्हणजे जागा राखणं हा तिच्या पिढ्यान्‌पिढ्यांचा शहाणपणा आहे.

तीन फूट बाय दोन फूट पिंजरा हे तिचं बीळ. त्यात दारातून येणारा हात म्हणजे घुसखोर. मग हाताला चारा असो की कुरवाळायची इच्छा असो. हे एकदा डोक्यात बसलं की “मी एवढं करते आणि ही चावते” हा राग जातो. तिच्यावर रागवून उपयोग नाही, आणि तिच्या नाकावर टिचकी मारून तर मुळीच नाही. काही जण असा सल्ला देतात. मार खाल्लेली मादी गप्प बसत नाही, पुढच्या वेळी गुरगुरायची पायरी गाळून थेट चावते.

ती काय सांगते आहे

चावण्याआधी ती सांगते. आपण वाचत नाही. कान पाठीला चिकटवून मागे, शेपूट वर उचललेली, अंग पुढे ताणलेलं: ही तयारी. मग घुर्र. मग पुढच्या पंज्यांनी धपाधप मारणं, याला आम्ही ‘बॉक्सिंग’ म्हणतो. दात शेवटी. मागचा पाय जाळीवर धप्पकन आपटणं ही मात्र वेगळी गोष्ट आहे. तो भीतीचा इशारा. कुत्रं किंवा साप आला, फटाका वाजला, की एक जण आपटतो आणि सगळी शेड दगड होते. पाय आपटणाऱ्या मादीला धमकावू नका, काय दिसलं तिला ते शोधा.

कान ताठ, नाक भराभर हलतंय आणि ती हाताकडे नाही तर वाटीकडे धावली, तर ती भुकेली आहे. अशी मादी खायला लागली की हाताचं तिला सोयरसुतक नसतं. राखणदारी करणारी मादी चारा तोंडासमोर असला तरी हातावरच नजर ठेवते. या दोघींचे उपाय वेगळे आहेत, म्हणून आधी दोन दिवस नुसतं उभं राहून बघा.

पायरी १: दुखतंय का, ते बघा

कालपर्यंत शांत असलेली मादी आज अचानक चावायला लागली, तर स्वभावाला दोष देण्याआधी अंग तपासा. मला ही गोष्ट कळायला एक मादी गमवावी लागली. तिच्या तळव्यांना जखमा होत्या, जाळीचा तार तुटून वर आला होता, आणि मी आठ दिवस ‘फारच माजली आहे’ असं म्हणत होते.

काय बघायचं: मागच्या पायांचे तळवे (केस गेलेले, लाल किंवा खपली). कानात आत तपकिरी पापुद्रे असतील तर कानाची खरूज. नाकावर, पंज्यांवर पांढरट खवले असतील तर अंगाची खरूज. समोरचे दात वाकडे वाढलेत का, कारण सशाचे दात आयुष्यभर वाढतात. पिल्लं पाजणारी असेल तर सड, एकेक करून. एखादा कडक, गरम, लालसर किंवा निळसर लागला तर दगडी (सडाची सूज) झालीय, त्याच दिवशी डॉक्टर. दुखऱ्या सडाला पिल्लू लागलं की ती पिल्लांच्या पेटीतून उडी मारून बाहेर येते आणि पुढे येईल त्याला चावते. तीन-चार वर्षांच्या पुढच्या मादीत गर्भाशयाची गाठ हे स्वभाव बदलण्याचं एक कारण असतं, त्या वयाची मादी तशीही पैदाशीतून बाहेर काढायला हवी.

औषध स्वतःच्या मनानं नको. खरजेचं शेळीचं इंजेक्शन ‘थोडंसं’ म्हणून टोचणारे भेटतात. सशाचं वजन शेळीच्या दहाव्या हिश्श्याएवढं, डोस थेंबांत मोजावा लागतो. आणि एक लक्षात ठेवा, शेळीत सहज चालणारी काही प्रतिजैविकं सशाला तोंडावाटे दिली तर आतड्याचं तंत्र बिघडून जनावर मरतं.

पायरी २: पिंजऱ्यावर कार्ड लावा

राग तारखेनुसार येतो, हे मला कार्डांनी शिकवलं. जुन्या लग्नपत्रिकांच्या पाठीवर लिहिते मी. मिरचीचं एक कार्ड असं:

१२/८ नर २ ला दाखवली, दोनदा लागली. २४/८ पोट चाचपलं, आहेत. ५/९ पासून गुरगुर. ९/९ पेटी ठेवली. ११/९ रात्री केस उपटले. १२/९ पहाटे व्याली, ९ जिवंत, १ मेलेलं.

सशाची गाभण मुदत ३० ते ३२ दिवस, बहुतेक ३१. शेवटच्या आठवड्यात मादी चिडचिडी होते, तोंडात गवत धरून फिरते, छाती-पोटाचे केस उपटते. व्याल्यावर पहिले दोन आठवडे राग टोकाला. पिल्लं पेटीबाहेर हुंदडायला लागली की ओसरतो. हा राग निरोगी आहे, त्यावर इलाज करायचा नाही, आपले हात कमी करायचे.

आता कार्डाची खरी गंमत. नर दाखवल्यानंतर सोळा-सतरा दिवसांनीच मादी केस उपटून घरटं करायला लागली, चावायला लागली, तर ती गाभण नाही. खोटी गाभण आहे. सशाच्या मादीला गाई-म्हशीसारखा ठरल्या दिवशी बीज सुटणारा माज नसतो. नर लागला की त्यानंतर दहा-बारा तासांनी बीज सुटतं. नरानं काम नीट केलं नाही, किंवा दुसऱ्या मादीनं नुसतं अंगावर चढून उठवलं, तरी बीज सुटतं आणि शरीराला वाटतं आपण गाभण. हे नाटक साधारण १६ ते १८ दिवस चालतं. मग केस उपटणं, घरटं, राग, सगळं साग्रसंगीत होतं, पिल्लं मात्र नाहीत. कार्ड नसेल तर तुम्ही म्हणाल “लवकर व्यायला लागली” आणि पेटी ठेवून वाट बघत बसाल. कार्ड असेल तर दोन दिवस थांबून तिला परत नराकडे न्या. या वेळी ती बहुधा चटकन लागते आणि रागही जातो.

पोट चाचपणं १२ व्या दिवसाच्या आसपास. दोन मांड्यांच्या पुढे, खालून अंगठा आणि बोटांनी हलकं. द्राक्षाएवढ्या गुळगुळीत गोळ्या सरकतात त्या पिल्लं. लेंड्या कडक आणि बारीक लागतात. पहिल्यांदा जाणत्या माणसाकडून शिकून घ्या, जोरानं दाबलं तर गाभ जातो. काही जण गाभण आहे का हे बघायला परत नराकडे नेतात आणि मादी गुरगुरली की ‘राहिली’ म्हणतात. ही परीक्षा भरवशाची नाही, आणि मादी-नर दोघांनाही उगाच मारामारी.

पायरी ३: पिंजराच असा करा की हात आत लागू नये

नवख्यांची निम्मी भांडणं वाटीपायी होतात. वाटी आत, म्हणून दिवसातून दोनदा हात आत. खाद्याचं भांडं बाहेरून भरता येईल असं जाळीला अडकवा, पाण्याला निपल (दाबलं की पाणी देणारी तोटी) लावा, हिरवा चारा वरच्या किंवा पुढच्या जाळीतून ओढून खाता येईल अशी खुंटी करा. एवढ्यावर मिरचीची दिवसाची सहा भांडणं एकावर आली.

निपल सकाळी दाबून बघायचा, चोंदलेला निपल आणि तहानलेली पाजणारी मादी ही सगळ्यात वाईट जोडी. पाणी कमी पडलं तर ती स्वतःची पिल्लंसुद्धा खाते.

दार वर असलेला पिंजरा चांगला. समोरच्या दारातून येणारा हात तिच्या तोंडाच्या पातळीवर, सरळ रेषेत येतो. सशाचे डोळे बाजूला असल्यानं त्याला जवळपास चहूकडचं दिसतं, फक्त नाकासमोरची थोडी जागा आणि हनुवटीखाली दिसत नाही. समोरून आलेला हात लांबून दिसतो आणि अगदी जवळ आल्यावर ‘नाहीसा’ होतो. घाबरणारच. वरून, थोडा बाजूने आलेला हात तिला शेवटपर्यंत दिसतो.

पिल्लांची पेटी दारापासून लांबच्या कोपऱ्यात नको. तुम्हाला पेटीपर्यंत पोचायला तिचं अख्खं राज्य ओलांडावं लागतं. पेटी दारालगत, आणि जमलं तर बाहेरून सरकवता येईल अशी. आमच्या पेट्या दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. पुढची बाजू सहा इंच ठेवली आहे म्हणजे मादीला चढता येतं. नव्या मोठ्या जातीला थोडी मोठी लागते.

शेजारच्या पिंजऱ्यात नर नको, आणि दुसरी मादी असेल तर मधे पत्रा किंवा प्लायवुड. दोन माद्या एका पिंजऱ्यात ठेवायच्या नाहीत, बहिणी असल्या तरी. तीन महिन्यांनंतर वेगळ्या करा. रात्रीत कान फाटलेले, पोटाची कातडी उघडी, असं बघावं लागलं की मग कळतं ‘शांत प्राणी’ म्हणजे काय.

पायरी ४: हात

हे जपून वाचा, कारण इथंच बहुतेकांचा आत्मविश्वास जातो.

आधी हात धुवा. नराच्या किंवा दुसऱ्या मादीच्या वासाचा हात आत नेऊ नका. मी शेडची फेरीच त्या हिशोबानं लावली आहे: पाजणाऱ्या माद्या पहिल्या, मग गाभण, मग रिकाम्या, नर शेवटी. कजाग मादी असेल तर तिच्याच पिंजऱ्यातलं गवत चिमूटभर हातावर चोळून घ्यायचं. अत्तर, बाम, लसणाची फोडणी यांचे वास तिला आवडत नाहीत असं माझं निरीक्षण आहे. आमच्या जाऊबाईंना हे पटत नाही.

लांब बाह्यांचा जाड शर्ट. सुरुवातीचे आठ दिवस चामड्याचे हातमोजे, वेल्डिंगवाले घालतात तसले, हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. मोज्यात बोटांना काही कळत नाही, त्यामुळे पोट चाचपायला ते चालत नाहीत, पण तुमची भीती घालवायला चालतात. आणि एक घरगुती हत्यार: जुनं प्लास्टिकचं सूप. डाव्या हातानं सूप तिच्या आणि उजव्या हाताच्या मधे धरायचं. ती सुपावर बॉक्सिंग करते, तुम्ही काम उरकता. सुपानं तिला ढकलायचं नाही, नुसतं आडवं धरायचं.

आता मूळ पद्धत. दार उघडण्याआधी तोंडानं आवाज द्या, रोज तोच. मी “ए बाई” म्हणते. दार उघडा, चाऱ्याची एक काडी आत टाका, थांबा. हात वरून आणा, सपाट, बोटं मिटलेली, आणि तळवा तिच्या कपाळावर ठेवून डोकं हलकेच खाली जमिनीकडे दाबून धरा. दाबायचं म्हणजे पोळीवर रुमाल ठेवतो तेवढंच. बहुतेक माद्या डोकं खाली गेलं की एकदम स्थिर होतात. कानांच्या मुळाशी अंगठ्यानं चोळा. गुरगुर थांबेपर्यंत हात तिथंच. थांबली की हात काढा आणि त्या दिवशीचा धडा संपला. काही कामही करायचं नाही.

ती झेपावली तर हात मागे ओढू नका. सांगायला सोपं आहे, मला माहीत आहे. पण प्रत्येक वेळी तुम्ही हात ओढलात की ती शिकते: झेपावलं की घुसखोर पळतो. म्हणूनच मोजे आणि सूप, म्हणजे न ओढण्याची हिंमत येते. मिरचीला हे अकरा दिवस लागले. काहींना तीन दिवसांत जमतं, काहींना कधीच नाही.

उचलताना कान धरायचे नाहीत. जत्रेतला जादूवाला धरतो म्हणून आपण धरू नये. मानेवरची सैल कातडी एका हातानं, आणि त्याच क्षणी दुसरा हात ढुंगणाखाली. वजन दुसऱ्या हातावर, पहिला हात फक्त दिशेसाठी. छातीशी घ्या, तिचं तोंड तुमच्या कोपराच्या वळणात लपवा. डोळे झाकले की ती शांत होते. फार झटापट करत असेल तर पंच्यात गुंडाळा. मागचे पाय मोकळे लोंबकळू देऊ नका: सशाची हाडं नाजूक आणि मागच्या पायांची ताकद जबर, हवेत जोरात लाथ मारली तर स्वतःचाच कणा मोडतो आणि मागचं अंग लुळं पडतं. परत ठेवताना ढुंगण आधी आत, तोंड तुमच्याकडे. तोंड आधी घातलं तर घर दिसल्याबरोबर उडी मारते आणि जाता जाता नखांनी तुमचा हात उसवते. नखं महिन्या-दीड महिन्यानं कापा. पांढऱ्या जातीत आतली लाल शीर दिसते, तिच्या अलीकडे कापायचं.

पायरी ५: नराकडे नेताना

नियम एकच, तो भिंतीवर लिहून ठेवा: मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या पिंजऱ्यात कधीच नाही. तिच्या जागेत गेलेला नर आधी मार खातो. मादीचा चावा नराच्या वृषणावर बसला तर तुमचा चांगला नर कायमचा गेला.

नेण्याआधी शेपूट वर करून योनीचा रंग बघा. फिकट गुलाबी, कोरडी असेल तर आज नको, दोन-चार दिवसांनी बघा. लालसर आणि फुगीर असेल तर न्या. जांभळट झाली असेल तर वेळ निघून चाललीय. माजावर नसलेली मादी कोपऱ्यात चिकटून बसते, शेपूट दाबून धरते, नराला ओरबाडते. लोक म्हणतात कजाग आहे. कजाग नाही, आज नाही म्हणते आहे.

सकाळी लवकर किंवा संध्याकाळी, गारव्याला. तिथं उभं राहायचं, फोन खिशात. नर लागला की कधी किंचाळी मारून एका अंगावर कोसळतो. नवख्यांना वाटतं मेला. ते झालं म्हणजे काम झालं. मादी लगेच उचलून तिच्या घरी. पाच-दहा मिनिटांत काही झालं नाही किंवा ती नरावर उलटली तर ताबडतोब काढा. रात्रभर दोघांना एकत्र सोडणं हा आळस आहे, तो महागात पडतो. मादीला धरून जबरदस्तीनं लावणारेही असतात. नर लागतो, पण गाभ राहील याचा भरवसा नाही, आणि पुढच्या वेळी ती तुमच्या हातालाच वैरी समजते.

पायरी ६: व्याल्यावर

पहिल्या दिवशी पेटी एकदाच बघायची. पहाटे नाही, ती वेळ तिची आहे. हिरव्या चाऱ्याची जुडी पिंजऱ्याच्या दुसऱ्या टोकाला लावा, ती तिकडे गेली की पेटी बाहेर काढा, दार लावा, आणि तिच्या नजरेआड जाऊन बघा. मेलेली पिल्लं, वार, ओले केस काढा, जिवंत मोजा, पेटी परत. पाच मिनिटांत.

“ही पाजतच नाही, पेटीजवळसुद्धा जात नाही” हा फोन मला दर महिन्याला येतो. सशाची मादी दिवसातून एकदाच, फार तर दोनदा पाजते, तेही तीन-चार मिनिटं, बहुतेक रात्री-पहाटे. बाकी वेळ ती पेटीपासून मुद्दाम लांब राहते, म्हणजे शिकाऱ्याला पत्ता लागू नये. पिल्लांची पोटं सकाळी टुमटुमीत, कातडीतून दूध पांढरं दिसत असेल तर सगळं ठीक. तुम्ही घाबरून तिला धरून पेटीत कोंबलंत की ती पिल्लांवर पाय आपटते, आणि मग खरंच नुकसान होतं.

पहिल्या वेताला काही माद्या पिल्लं खातात. पाणी, गोंगाट, मेलेलं पिल्लू पेटीत राहणं, पेटी उशिरा ठेवल्यानं जाळीवर विणं, ही कारणं आधी तपासा. एका वेताला माफी.

पिल्लांना मात्र पहिल्या आठवड्यापासून रोज हात लावा, पेटी बाहेर काढून, धुतलेल्या हातानं, मिनिटभर. पाजण्याच्या वेळेच्या आसपास असं हाताळलेली पिल्लं मोठेपणी माणसाला कमी भितात, हे हंगेरीतल्या संशोधकांनी प्रयोगांत दाखवलं आहे. पुढच्या वर्षीच्या शांत माद्या इथंच तयार होतात. दहा-बारा दिवसांनी डोळे उघडतात, पाच-सहा आठवड्यांनी दूध तोडायचं, आणि नवख्यांनी त्याआधी मादीला परत नराकडे नेऊ नये. वेतामागून वेत काढलेली मादी हाडं-कातडी होते आणि तिचा राग मग कुठल्याच तारखेत बसत नाही.

उन्हाळा

वेगळं सांगायला नको. पंचवीस अंशांपर्यंत ससा सुखी, तिशीच्या पुढे धापा, पस्तिशीच्या पुढे जिवाला धोका. मार्च ते मे आमच्याकडे ओली गोणपाटं, छपरावर उसाचं पाचट, दुपारी पिंजऱ्यात बर्फाची बाटली. या दिवसांत मादी चावली तर तिला शिकवायला जाऊ नका, गारवा करा. नरही उन्हाळ्यात नापीक होतात आणि पुढे दीड-दोन महिने तसेच राहतात, म्हणून जूनमधल्या खोट्या गाभणींचं खापर मादीवर फोडू नये.

चावलीच तर

जखम वाहत्या पाण्याखाली साबणानं पंधरा मिनिटं धुवा. हळद भरू नका. डॉक्टरांना दाखवा, धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं ते सांगा. बाकी काय लागेल ते त्यांना ठरवू द्या. सशाचा दात अरुंद आणि खोल जातो, वरून बारीक दिसलेली जखम दुसऱ्या दिवशी सुजते. मुलांना कजाग मादीच्या पिंजऱ्याशी एकटं सोडू नका.

ठेवायची की काढायची

माझा हिशोब असा. पेटीत पिल्लं असताना चावते, एरवी नाही: ठेवा. माझ्या शेडमधल्या सगळ्यात चांगल्या आया यातल्याच आहेत. रिकामी, निरोगी, पोटभर खाल्लेली, माजावर असतानाही कुणावरही झेपावते, आणि दोन महिने शिकवूनही फरक नाही: काढा. दोनदा पिल्लं खाल्ली: काढा. स्वभाव रक्तात उतरतो, त्यामुळे अशा मादीच्या मुलीही पैदाशीला ठेवू नका, वजन कितीही चांगलं असलं तरी. आणि काढताना ती खाण्यासाठीच जाऊ द्या. ‘शांत आहे’ म्हणून दुसऱ्या नवख्याच्या गळ्यात मारू नका, विशेषतः लहान मुलं असलेल्या घरी.

पैदाशीसाठी नवी मादी घेताना तिची आई बघायला मागा, आईच्या पिंजऱ्यात मालकाला हात घालायला सांगा. मालक सबबी सांगायला लागला तर उत्तर मिळालं. कोडाईकनालजवळ मन्नवनूरला केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेचं केंद्र आहे, तिथं सशांवर बरीच वर्षं काम चालतं. चांगलं बी हवं असेल तर तिकडे चौकशी करता येते.

मिरची सहा वेतं आमच्याकडे होती. शेवटपर्यंत तिला माझा हात चालायचा, यजमानांचा नाही. त्यांनी एकदा माझा शर्ट घालून, आवाज बारीक करून “ए बाई” म्हणत हात घातला होता. डाव्या अंगठ्याजवळ अजून खूण आहे.